वारशाने आलेला कीपर संघ: लिलावाआधी तो जोखायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या तुमच्या ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगमधून (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर कागदी संघ खेळवायचा खेळ) एक सहकारी बाहेर पडला आणि त्याचा संघ तुम्ही चालवायला घेतलात. बारा संघ, खऱ्या बेसबॉलमधल्या अमेरिकन आणि नॅशनल दोन्ही लीगचे खेळाडू, प्रत्येकाकडे २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे: १४ बॅटर (त्यातले दोन कॅचर) आणि ९ पिचर. गुण दहा विभागांत. बॅटरचे रन, होम रन, आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन), स्टील (पळत चोरलेला पुढचा बेस) आणि सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे हिट). पिचरचे विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक); शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. मागच्या वर्षीच्या संघातले जास्तीत जास्त सात ठेवता येतात (त्यांना कीपर म्हणतात) आणि ठेवलेल्याची किंमत दरवर्षी ५ डॉलरने वाढते. ती वाढ धरून तुम्ही दिलेली यादी: रोनाल्ड अकुन्या ४८, हुआन सोटो ४१, एली डे ला क्रूझ २३, स्पेन्सर स्ट्रायडर २२, अँथनी सँतांदेर १६, विल्यम काँट्रेरास १४, पॉल स्कीन्स १२, काइल फिनेगन ८, गॅरेट क्रोशे ७, जुरिक्सन प्रोफार ६, रोनेल ब्लांको ६ (स्ट्रायडर, स्कीन्स, फिनेगन, क्रोशे, ब्लांको पिचर; बाकी बॅटर). यातले कोण ठेवू, संघ कितपत दमदार आहे, आणि यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, जिंकायची आशा धरू का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो, हिशेब मागून. डे ला क्रूझ, स्कीन्स, क्रोशे, काँट्रेरास, सोटो आणि प्रोफार हे सहा ठेवा. सातवी जागा आत्ता रिकामी राहू द्या, तिचं काय करायचं ते शेवटी येईल. अकुन्याला सोडा. संघ सरासरीपेक्षा नक्कीच वरचा आहे, पण तुम्ही पाठवलेल्या बाकी याद्या पाहता लीगमधला पहिला नाही. दुसरा-तिसरा म्हणता येईल. तेवढ्यावर यंदा जिंकायला उतरायला हरकत नाही.

अकुन्याचं नाव वाचून तुमचा जीव कासावीस झाला असणार. २०२३ मध्ये ४१ होम रन आणि ७३ स्टील, एकमताने एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. असा माणूस कोणी सोडतं का? इथेच सगळ्या नवख्यांची गल्लत होते. कीपर संघ जोखताना खेळाडू किती मोठा आहे हे विचारायचं नसतं. तो ज्या किमतीला तुमच्याकडे आहे, त्या किमतीत लिलावात तुम्हाला काय मिळालं असतं, हे विचारायचं असतं. आयपीएल पाहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. मागच्या मोठ्या लिलावाआधी हैदराबादने हाइनरिक क्लासेनला २३ कोटींना ठेवलं तेव्हा ते २३ कोटी १२० कोटींच्या पर्समधून गेलेच. ठेवणं म्हणजे एक खरेदीच, फक्त ती लिलावाच्या आधी आणि ठरलेल्या भावाने होते. फरक इतकाच की आयपीएलमधले भाव ताजे असतात आणि तुमच्या लीगमधले जुने. क्रोशेला गेल्या मार्चमध्ये कोणीतरी २ डॉलरला उचलला, त्या भावाचं बोट धरून तो आज ७ला तुमच्याकडे आहे. कीपर लीगमधली सगळी कमाई या शिळ्या भावांत आहे.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक खेळाडूची आजची किंमत डॉलरमध्ये काढा. त्यासाठी गेल्या वर्षीचे आकडे नकोत, येत्या वर्षीचे अंदाज हवेत. स्टीमर, झिप्स यांसारखे अंदाज फॅनग्राफ्स या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि तिथेच लिलावाचं गणकयंत्रही आहे. बारा संघ, २६० डॉलर, दोन कॅचर, पाच अधिक पाच असं सगळं तुमच्या लीगप्रमाणे भरा. दोन कॅचरचा रकाना विसरलात तर कॅचर असलेल्या काँट्रेरासची किंमत भलतीच कमी दिसेल. हिशेबामागची कल्पना सोपी आहे: लीगमध्ये एकूण २७६ खेळाडू घेतले जाणार, एकूण पैसा ३,१२० डॉलर. म्हणजे त्या २७६ जणांच्या किमतींची बेरीज ३,१२०च आली पाहिजे आणि शेवटच्याची किंमत १ डॉलर. एखाद्या मासिकातले किंवा दुसऱ्या आकाराच्या लीगचे डॉलर उचलून तुमच्या यादीसमोर मांडलेत तर सगळाच हिशेब चुकेल.

यंत्र जे आकडे देतं त्यांत मी माझ्या अदमासाने थोडं वर-खाली करतो. तुमच्या यादीला मी लावलेले भाव असे (यापुढे भाव म्हणजे हा अंदाज, किंमत म्हणजे ठेवायला द्यावे लागणारे डॉलर): सोटो ३८, डे ला क्रूझ ३७, स्कीन्स २८, अकुन्या २८, क्रोशे २१, काँट्रेरास २१, स्ट्रायडर १७, सँतांदेर १५, प्रोफार ९, ब्लांको ६. फिनेगनला मी भावच लावलेला नाही. यातल्या दोन-तीन डॉलरवरून वाद घालता येईल, पण निर्णय त्याने बदलत नाहीत.

आता हे भाव पाहून तुम्ही म्हणाल, सोटो ३८चा आणि माझ्याकडे ४१ला, म्हणजे ३ डॉलरचा तोटा. मग त्याला का ठेवायचं? कारण हे भाव कोऱ्या लिलावाचे आहेत, जिथे कोणी कोणाला ठेवलेलं नाही. तुमचा लिलाव कोरा नसणार. बाराही जण स्वस्तात मिळालेले खेळाडू ठेवून बसणार, म्हणजे थोड्या पैशात बराच माल आधीच बाजूला काढला जाणार. उरलेला पैसा मात्र उरलेल्या मालाच्या मानाने जास्त. याला मी लिलावातली महागाई म्हणतो, आणि ती न काढता कीपर ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तुम्ही सगळ्या संघांच्या याद्या पाठवल्या हे फार बरं केलंत. त्यांवरून कोण कोणाला ठेवील याचा अंदाज असा बांधायचा: सुरुवातीला महागाई २० टक्के धरा आणि ज्याचा भाव २० टक्के वाढवून त्याच्या ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त भरतो, तो ठेवला जाईल असं समजा. बेरीज करा, महागाई पुन्हा काढा, आणि त्या नव्या टक्केवारीने यादी परत चाळा. दुसऱ्या फेरीत आकडा स्थिरावतो. तुमच्या लीगमध्ये मला मिळालं ते असं: ठेवल्या जाणाऱ्या खेळाडूंची एकूण किंमत ९६०, त्यांचा खरा भाव १,४४०. म्हणजे लिलावात उरणारा पैसा २,१६० आणि उरणारा माल १,६८०चा. २,१६० भागिले १,६८०, म्हणजे जवळपास १.२९. महागाई २९ टक्के. ३८च्या सोटोसाठी लिलावात ४९ मोजावे लागतील. ४१ला तो स्वस्तच आहे.

आणि प्रत्यक्षात त्याहूनही स्वस्त. महागाई सगळ्यांवर सारखी बसत नाही. १-२ डॉलरचा पाचवा आउटफिल्डर महागाईतही १-२ डॉलरलाच जातो. वाढीव पैसा सगळा वरच्या चाळीस-पन्नास नावांवर ओतला जातो. लिलावाच्या पहिल्या तासात खिसे गरम असतात, तेव्हा सोटोच्या तोडीचा बॅटर ५२-५३ला गेला तर नवल नाही. गेल्या वर्षी त्याने ४१ होम रन, १२८ रन, १०९ आरबीआय केले. डिसेंबरमध्ये मेट्सशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार झाला. वय २६. त्याच्या आकड्यांत जितकी खात्री आहे तितकी तुमच्या यादीत दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि महागड्या खेळाडूत मला आधी खात्री हवी असते.

अकुन्याला हीच पट्टी लावू. त्याचा उजव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध जुलै २०२१ मध्ये फाटला, डाव्याचा मे २०२४ मध्ये. या हंगामाच्या सुरुवातीला तो मैदानावर नसणार हे जवळपास ठरलेलं आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर २०२२ मध्ये तो परतला तेव्हा ११९ सामन्यांत १५ होम रन, २९ स्टील, सरासरी .२६६ होती. वाईट नाही, पण ४८ डॉलरचीही नाही. २०२३चा राक्षसी हंगाम त्यानंतरच्या वर्षी आला. या खेपेला दोन्ही गुडघे आहेत आणि महिना-दीड महिना आधीच गेलेला असेल. २८ला महागाई लावून ३६ होतात. ४८ देऊन ३६ची वस्तू घेण्यासारखं काही नाही. त्याला सोडलं म्हणजे गमावलं असंही नाही. तो लिलावात येणारच आहे. ३५च्या आत मिळाला तर घ्या. मिळणार नाही, कारण प्रत्येक लीगमध्ये नावाला भुलणारा एकजण असतोच, आणि त्याचे ४० डॉलर सुरुवातीलाच खर्च होणं हा तुमचा फायदा. तुमची पुकारायची पाळी आली की पहिलं नाव अकुन्याचंच घ्या.

आता संघ किती दमदार, याकडे येऊ. बहुतेक लोक प्रत्येक कीपरवरचा नफा काढून बेरीज करतात आणि थांबतात. मी एक पायरी पुढे जातो: लिलाव संपेल तेव्हा माझ्या संघाचा एकूण खरा भाव किती असेल? ठेवलेल्यांचा भाव अधिक उरलेला पैसा भागिले महागाई. सरासरी संघाचं उत्तर नेहमी २६० येतं, कारण ३,१२० भागिले १२ म्हणजे २६०च. त्याच्या वर जितके, तितकी तुमची आघाडी.

तुमच्या सहा जणांचा भाव १५४, किंमत १०३. उरले १५७ डॉलर, त्यांत १.२९च्या महागाईने सुमारे १२२चा माल येईल. एकूण २७६. सरासरीपेक्षा १६ वर. आता त्याच सहांत अकुन्या घाला: भाव १८२ होतो, पण उरतात १०९ डॉलर, त्यांत माल येतो ८५चा. एकूण २६७. म्हणजे एका मोठ्या नावाच्या मोहापायी आघाडी निम्म्याहून कमी. मी शब्दांत कितीही पटवलं तरी हा एक आकडा जास्त बोलतो, म्हणून तो कागदावर स्वतः करून बघा.

हेच गणित बाकी अकरा संघांचंही करायचं असतं, आणि इथे लोक आळस करतात. आपली यादी शंभरदा चाळतात, समोरच्याची एकदाही नाही. तुमच्या याद्यांमध्ये एका संघाकडे बॉबी विट ज्युनिअर १९ला, गनर हेंडरसन १४ला आणि तारिक स्कूबल ११ला आहे. विट गेल्या वर्षी .३३२, ३२ होम रन, ३१ स्टील; हेंडरसन ३७ होम रन, २१ स्टील; स्कूबल १८ विजय, २.३९ ईआरए, २२८ स्ट्राइकआउट आणि साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. माझ्या हिशेबाने या तिघांचा भाव १११, किंमत ४४. बाकी एकही कीपर नसता तरी हा गृहस्थ २७९वर आहे, आणि त्याच्याकडे आणखी तीन-चार बरे खेळाडू आहेत. तो २९०च्या आसपास जाईल. तुमच्या २७६ला त्याच्यासमोर पाहिलं की संघाचं खरं स्थान कळतं. बाकीच्यांत एक २७५च्या जवळ, उरलेले २६५च्या खाली. एवढं अंतर लिलावात आणि हंगामातल्या अदलाबदलीत भरून निघतं. पण हा माणूस लिलावात काय विकत घेणार, त्याला सेव्ह हवेत की होम रन, यावर तुमची नजर राहिली पाहिजे.

एकेका खेळाडूबद्दल थोडं.

डे ला क्रूझने २०२४ मध्ये ६७ स्टील आणि २५ होम रन केले; २१८ वेळा स्ट्राइकआउटही झाला, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. सरासरी .२५९. वय २३. त्याच्या स्टीलची किंमत मात्र जुन्या अंदाजाने करू नका. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरला, बेसवरच्या धावपटूला रोखण्यासाठी, एका बॅटरसमोर पाटीवरून पाय काढायला दोनदाच मुभा उरली. २०२२ मध्ये दोन्ही लीग मिळून २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३ आणि २०२४ मध्ये ३,६१७. तुमच्या लीगच्या २०२१-२२च्या तक्त्यात स्टीलमध्ये पहिला येणारा आकडा आज मधल्या फळीतही बसणार नाही. म्हणून विभागांची उद्दिष्टं ठरवताना फक्त गेल्या दोन हंगामांचे तक्ते घ्या. तरीही ६७ म्हणजे ६७. एकटा माणूस तुम्हाला त्या विभागात वरच्या तिघांच्या तोंडाशी नेतो. २३ला तो सोन्याचा आहे. पुढच्या वर्षी २८, त्याच्या पुढच्या वर्षी ३३, तेव्हाही स्वस्तच.

स्कीन्सवर शब्द खर्च करत नाही. १३३ इनिंग, १.९६ ईआरए, १७० स्ट्राइकआउट, पहिल्याच वर्षी. पिट्सबर्ग दुबळा आहे म्हणून विजय कमी पडतील, एवढंच.

क्रोशे हा या यादीतला मला सर्वांत आवडणारा भाव. गेल्या वर्षी त्याचे ६ विजय, १२ पराभव होते आणि ईआरए ३.५८, वरवर पाहणारा माणूस पान उलटून पुढे जाईल. पण तो ज्या व्हाइट सॉक्ससाठी खेळत होता तो संघ १२१ सामने हरला, आधुनिक काळातला विक्रम. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट ही त्याची खरी कामगिरी. डिसेंबरमध्ये बॉस्टनने त्याला घेतलं. विजय ही पिचरच्या हातातली गोष्ट निम्मीच. उरलेली निम्मी त्याच्या मागच्या बॅटरांची आणि बुलपेनची, म्हणजे त्याच्या नंतर येणाऱ्या पिचरांची. ती आता सुधारली. धोका असा की त्याची २०२२ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली आहे आणि गेल्या वर्षाच्या आधी मोठ्या लीगमध्ये त्याने एकही सामना सुरू केलेला नव्हता. १८० इनिंग तो टाकील का, याची हमी कोणी देणार नाही. ७ डॉलरला हमी मागूही नये.

काँट्रेरास: .२८१, २३ होम रन, ९९ रन, ९ स्टील, आणि हे सगळं कॅचरकडून. बारा संघ गुणिले दोन म्हणजे २४ कॅचर लागतात, आणि क्लब आहेत तीसच. तळातले कॅचर तुमच्या सरासरीचं वाटोळं करतात. १४ला हा माणूस ठेवताना दुसरा विचार करायचा नाही.

ब्लांकोचा ईआरए २.८० पाहून तुम्ही त्याला खूण केली आहे. ती खोडा. त्याच्या चेंडूंवर बॅट लागून जे फटके खेळात राहिले, त्यांतले .२२०च्याच दराने हिट झाले. साधारण पिचरचा हा दर .२९०च्या आगेमागे असतो. एवढा फरक कसबाने टिकत नाही. क्षेत्ररक्षण आणि नशीब यांचा त्यात मोठा वाटा असतो. क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून काढलेला त्याचा एफआयपी (ईआरएच्याच मापातला आकडा) चारच्या वर होता. लिलावात तो याच भावाला मिळेल, आधीच जागा अडवायची गरज नाही.

प्रोफारचं उलटं. २०२३ मध्ये .२४२ आणि ९ होम रन, कोलोरॅडोने हंगाम संपायच्या आधीच सोडलं. मग सॅन दिएगोने १० लाख डॉलरांत घेतला आणि त्याने .२८०, २४ होम रन केले. आता अटलांटाशी तीन वर्षांचा करार. एकतिसाव्या वर्षी अचानक फुललेल्या बॅटरवर माझा विश्वास बसत नाही, म्हणून त्याला मी गेल्या वर्षीचा भाव न लावता ९च लावला आहे. तरी ६ला ठेवायला परवडतो. बुडाला तर मे महिन्यात सोडून द्या.

सँतांदेरबद्दल मी बराच घोळत होतो. ४४ होम रन, १०२ आरबीआय, टोरोंटोशी नवा करार. १५चा भाव महागाईने १९ होतो, किंमत १६, म्हणजे कागदावर ३ डॉलरचा नफा. पण त्याची सरासरी .२३५ होती. सुमारे ६०० अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या संधी) धरले तर .२६०च्या बॅटरपेक्षा तो तुम्हाला १५ हिट कमी देतो. तुमच्या १४ बॅटरांचे मिळून ७,००० अ‍ॅट-बॅट होतील. त्यांत १५ हिट म्हणजे संघाच्या सरासरीत .००२चा खड्डा. दोन हजारांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तुमच्याच लीगचा गेल्या वर्षीचा तक्ता उघडा: सरासरीत चौथ्या आणि सातव्या संघात .००३चं अंतर आहे. शिवाय डे ला क्रूझ .२५९चा आधीच तुमच्याकडे आहे. होम रन लिलावात कधीही विकत मिळतात, आणि त्याच्या कारकिर्दीत त्याआधी ३३च्या वर एकही वर्ष नाही. ३ डॉलरसाठी हे ओझं मी घेणार नाही.

फिनेगनने वॉशिंग्टनसाठी ३८ सेव्ह केले, ऑल-स्टार झाला, आणि नोव्हेंबरमध्ये क्लबने त्याला पुढचा करारच दिला नाही. मी हे फेब्रुवारी २०२५च्या मध्यात लिहितो आहे आणि अजून त्याला संघ नाही. सेव्ह ही क्लोजरची (सामना संपवायला शेवटी येणाऱ्या पिचरची) गुणवत्ता कमी आणि मॅनेजरने दिलेली खुर्ची जास्त. खुर्ची गेली की ८ डॉलर पाण्यात.

ठेवलेल्या सहा जणांनी काय झालं ते विभागवार पाहा. स्टील भरपूर. ईआरए, व्हिप, स्ट्राइकआउट यांचा पाया पक्का, तोही १९ डॉलरमध्ये. सरासरी मध्यम. होम रन आणि आरबीआय कमी, सेव्ह शून्य. म्हणून उरलेल्या १५७ पैकी १२०च्या आसपास बॅटरांवर लावा, ३७ पिचरांवर, आणि त्या ३७ मधले मोठे पैसे क्लोजरवर. तिसरा नावाजलेला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) विकत घेऊ नका. तो पैसा पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरच्या ताकदीच्या बॅटरांसाठी लागणार आहे. स्टीलसाठी एक डॉलरही देऊ नका. लिलावात एखादा नुसता पळणारा आउटफिल्डर ९ला स्वस्त वाटेल, हात आवरा.

अ‍ॅथलेटिक्स यंदा सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर घरचे सामने खेळणार आहेत, आणि टॅम्पा बे, वादळाने त्यांच्या ट्रॉपिकाना मैदानाचं छप्पर उडवल्यामुळे, यांकीजच्या सराव-मैदानावर. या दोन संघांच्या खेळाडूंचे गेल्या वर्षीचे आकडे जरा सावधपणे घ्या. स्प्रिंग ट्रेनिंगमधल्या (हंगामाआधीच्या सराव सामन्यांतल्या) बॅटरांच्या सरासरीकडे ढुंकूनही पाहू नका. पिचरचा वेग मात्र बघा: क्रोशेचा चेंडू नेहमीपेक्षा ताशी दोन मैलांनी हळू येत असेल तर ती बातमी आहे.

तुमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या लीगमध्ये लिलाव नसून आळीपाळीने निवड आहे आणि कीपरची किंमत फेरीत मोजतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तत्त्व तेच. स्कीन्स बाहेर पहिल्या दोन फेऱ्यांत जातो आणि तुमच्याकडे बाराव्या फेरीत असेल तर ठेवा. पण अठराव्यातला खेळाडू चौदाव्या फेरीच्या लायकीचा आहे म्हणून जागा अडवू नका. वरच्या फेऱ्यांमधल्या एका पायरीचं मोल खालच्या चार-पाच पायऱ्यांएवढं असतं.

राहिली सातवी जागा, आणि स्ट्रायडर. २०२३ मध्ये २० विजय, २८१ स्ट्राइकआउट. एप्रिल २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर कोपराची शस्त्रक्रिया. यंदा तो हंगामाच्या सुरुवातीला नसेल. १७चा भाव महागाईने २२, किंमतही २२. तुम्हाला नफा शून्य. पण जो यंदा जिंकायच्या गोष्टीच करत नाही, त्याला पुढच्या वर्षी २७ला मिळणारा धडधाकट स्ट्रायडर हवाहवासा वाटू शकतो. तुमच्या यादीत तळाच्या संघाकडे रायन हेल्सली १४ला आहे. गेल्या वर्षी ४९ सेव्ह, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. तळाच्या संघाला यंदाच्या सेव्हचा काडीचा उपयोग नाही. मी हेल्सलीला १७चा भाव लावतो. तो सातवा म्हणून आला तर ठेवलेल्यांचा भाव १७१, उरलेला पैसा १४३, एकूण २८२. आणि सेव्हमधलं शून्यही गेलं. स्ट्रायडर देऊन हेल्सली मागा. का-कू केली तर ब्लांको वर टाका, तुम्ही त्याला नाहीतरी सोडणारच आहात.

एक तारखेचं बघा. डॉजर्स आणि कब्ज १८ आणि १९ मार्चला टोकियोत खेळून हंगाम सुरू करतात, बाकीचे २७ला. तुमचा लिलाव २२ तारखेचा आहे, म्हणजे त्या दोन सामन्यांचे आकडे धरायचे की नाही हे कमिशनरकडून आधी लेखी घ्या. कीपर याद्या १४ मार्चला बंद होतात. शेवटच्या आठवड्यात हेल्सलीच्या मालकाकडे चार जण पोचलेले असतील. तुम्ही या शनिवारीच त्याला फोन करा.